तायप्पा, लक्ष्मी आणि मंजम्मा

'जोगवा' म्हणजे काय, हे आमच्या सीमाभागातील वाचकांस सांगावे लागत नाही. कपाळी भंडारा, डोईवर देवीचा जग, हाती परडी आणि काखेत चौंडके अशा थाटात दारी आलेले जोगते व जोगतिणी आळंद, बसवकल्याण, भालकी ह्या तालुक्यांतील गावोगावच्या लोकांनी पाहिलेल्या आहेत. सौंदत्तीच्या डोंगरावरची रेणुका-यल्लम्मा ही मराठी आणि कन्नड ह्या दोन्ही मुलखांची देवी. तिच्या नावाने मागितलेली भिक्षा तो जोगवा. ह्याच नावाचा, दिवंगत राजीव पाटील यांनी दिग्दर्शित केलेला मराठी चित्रपट 2009 साली प्रदर्शित झाला. त्यास पाच राष्ट्रीय पुरस्कार लाभले. तेव्हापासून गुलबर्गा व बीदर ह्या जिल्ह्यांत धर्मगुरू किंवा धर्मशिक्षक एकत्र जमले आणि पुरुषदेहाने जन्मून स्त्रीवेषात वावरणाऱ्या व्यक्तींचा विषय निघाला, म्हणजे कोणी ना कोणी ह्या चित्रपटाचा दाखला देतोच. (गुलबर्ग्याचे अधिकृत नाव 2014 च्या नोव्हेंबरपासून कलबुर्गी झाले आहे, आमच्या मराठी मंडळीच्या तोंडी मात्र जुनेच नाव टिकून आहे.)

हा दाखला अर्धाच खरा आहे, आणि उरलेल्या अर्ध्यात तो आपल्या सेवेस घातक ठरतो, असे आमचे मत झाले आहे. ते का, हे स्पष्ट करण्यासाठी चित्रपटाच्या शेजारी दोन आत्मकथने ठेवून तिन्हींचा एकत्र विचार करण्याचे आम्ही योजिले आहे. एक मराठी आहे, दुसरे कन्नड. कलाकृती म्हणून त्यांच्या उंचीत फरक आहे आणि तो आम्ही लपविणार नाही; परंतु समुपदेशनाच्या खोलीत बसणाऱ्या माणसास त्या तिन्ही मिळून जे शिकवितात, ते एकटी कोणतीही शिकवीत नाही.

प्रथम चित्रपट. राजन गवस यांच्या 'चौंडकं' व 'भंडारभोग' ह्या कादंबऱ्या आणि चारुता सागर यांची 'दर्शन' ही कथा यांवर तो आधारलेला आहे. तायप्पा हा खेड्यातला एक तरुण. त्याच्या शरीरास एक विकार जडतो आणि ज्यावर वैद्याने औषध द्यावयाचे, त्यातच गाव देवीची खूण पाहते. तायप्पास साडी नेसविली जाते, तो जोगता होतो. सुली नावाच्या मुलीच्या केसांत जट धरते. तीही देवीला वाहिली जाते. ह्या दोघांचे एकमेकांवर प्रेम जडणे, आणि देवीच्या नावाने घातलेले बंधन तोडून दोघांनी बाहेर पडणे, हा कथेचा गाभा. उपेंद्र लिमये यांनी तायप्पाची भूमिका इतक्या ताकदीने केली आहे की अंगावर साडी असतानाही तिच्या आत अवघडलेला पुरुष प्रेक्षकास सतत दिसत राहतो. मुक्ता बर्वे यांची सुली तितकीच सच्ची. अजय-अतुल यांच्या संगीताविषयी वेगळे लिहिण्याची गरज नाही. ज्यांनी चित्रपट पाहिला नाही त्यांनीही ते ऐकलेले आहे.

चित्रपटाचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा ही दोन्ही एकाच जागी आहेत. तायप्पा पुरुष आहे, स्वतःस पुरुषच मानतो, आणि गाव त्याच्यावर स्त्रीवेष लादते. म्हणून प्रेक्षकाच्या मनात साडी हेच अन्यायाचे चिन्ह होऊन बसते. ती फेकली गेली की न्याय झाला असे वाटते. कथेपुरते हे पूर्णपणे यथार्थ आहे. परंतु ज्याला साडी हीच आपली वाटते, जो तायप्पाच्या नेमका उलट आहे, अशा जोगत्याच्या मनात हा चित्रपट शिरत नाही. तसे त्याने शिरावे हा आग्रह धरणे कलेच्या दृष्टीने अन्यायाचे होईल, एका कथेने एकाच माणसाचे दुःख सांगावे. दोष पाहणाऱ्यांचा आहे. तायप्पास पाहून परतलेला उपदेशक साडीतल्या प्रत्येक व्यक्तीत तायप्पाच पाहू लागतो, आणि 'आतल्या पुरुषास' सोडविणे हे आपले कर्तव्य समजतो. गावाने तायप्पाशी जे केले, तेच तो दुसऱ्या दिशेने करू लागतो. गावाने विचारले नव्हते. हाही विचारीत नाही.

आता दुसरी कलाकृती. 'मी हिजडा... मी लक्ष्मी!' हे लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांचे आत्मकथन वैशाली रोडे यांच्या शब्दांकनाने 2012 साली मनोविकास प्रकाशनाने प्रसिद्ध केले. उत्तर प्रदेशातून ठाण्यास येऊन स्थिरावलेल्या ब्राह्मण कुटुंबात, थोरला मुलगा म्हणून लक्ष्मी यांचा जन्म झाला. दम्याने पछाडलेले बालपण, नृत्याची विलक्षण ओढ, त्यापायी झालेली कुचेष्टा आणि नातेवाइकांच्या हातून झालेला अत्याचार, हा भाग वाचताना मन विषण्ण होते. शब्दांकनाची भाषा बोलीच्या जवळची, घाईची, कोठे कोठे फटकळ आहे. उत्तरार्धात परिषदा, परदेशप्रवास आणि भेटीगाठी यांची जंत्री वाढत जाते व पुस्तक सैल पडते, हे नमूद करणे आवश्यक आहे. आम्हांस ह्या पुस्तकातील दोनच प्रसंग येथे विचारात घ्यावयाचे आहेत, कारण ते दोन्ही समुपदेशनाचे आहेत आणि दोन्हींत समुपदेशक म्हणून नेमलेले कोणीही नाही.

शाळकरी वयात लक्ष्मी मुंबईत माटुंग्याच्या महेश्वरी उद्यानात अशोक राव कवी यांच्याकडे गेल्या. आपण इतरांसारखे नाही, आपल्यात काही बिघाड आहे काय, हा त्यांचा प्रश्न होता. उत्तर मिळाले ते साधारण असे : तुझ्यात बिघाड नाही, तुला बिघडलेले म्हणणाऱ्या जगात आहे, घरी जा, अभ्यास कर. दोन वाक्यांचे हे समुपदेशन. परंतु त्यामागे एक इतिहास आहे आणि तो धर्मसेवकांनी मुद्दाम लक्षात घ्यावा असा आहे. कवी स्वतः तरुणपणी आपल्या समलिंगी वृत्तीच्या ओझ्यापायी रामकृष्ण मिशनमध्ये संन्यासमार्गास लागले होते. तेथीलच एका ज्येष्ठ स्वामींनी त्यांस मठ सोडून आपल्या वृत्तीशी प्रामाणिक राहून जगण्यास सुचविले. एका धर्मपुरुषाने दिलेले योग्य उत्तर दुसऱ्याच्या मुखाने, काही वर्षांनी, उद्यानात आलेल्या एका घाबरलेल्या मुलापर्यंत पोहोचले. अयोग्य उत्तरेही अशीच दूरवर पोहोचतात.

दुसरा प्रसंग वडिलांचा. लक्ष्मी यांनी हिजडा समाजाची दीक्षा घेतली ही गोष्ट घरच्यांस त्यांच्या तोंडून न कळता दूरचित्रवाणीवरून कळली. आई कोसळली, घरात आकांत झाला. तरीही लक्ष्मी घराबाहेर घातल्या गेल्या नाहीत. पुढे वडिलांस ह्याविषयी विचारले गेले तेव्हा त्यांनी दिलेले उत्तर पुस्तकात आहे. त्याचा आशय असा की मी बाप आहे, हे मूल माझी जबाबदारी आहे. असे मूल कोणाच्याही घरी जन्मू शकते. आपणच दार लावून घेतले तर भीक मागण्यावाचून त्याला काय उरते? ह्या उत्तरात 'मला सारे समजले आहे' असे कोठेही म्हटलेले नाही. त्या वृद्ध गृहस्थास लिंगभावाचे शास्त्र ठाऊक नव्हते. आपल्याकडे येणारे आईबाप बहुधा म्हणतात, 'आधी आम्हांला हे पटू द्या, मग पाहू.' लक्ष्मींच्या वडिलांनी क्रम उलटा लावला : आधी घरात जागा, मग समजून घेणे, आणि समजण्यास वेळ लागला तरी जागा तीच. कुटुंबाने पाठीशी उभे राहणे म्हणजे काय, ह्याची याहून नेमकी व्याख्या आम्हांस मराठी पुस्तकांत सापडलेली नाही. बिंदुमाधव खिरे यांनी अशा व्यक्तींच्या आप्तांची मनोगते 'मनाचिये गुंती' ह्या पुस्तकात एकत्र आणली आहेत. ज्यांना आईबापांचा आवाज अधिक ऐकावयाचा असेल त्यांनी तिकडे वळावे. लक्ष्मींच्या पुस्तकात तो फार थोडा ऐकू येतो, आणि आईचा तर त्याहूनही थोडा.

तिसरे पुस्तक कन्नड आहे. आमच्या भागातील बहुतेक धर्मशिक्षकांस कन्नड वाचता येते, म्हणून त्याचा परिचय करून देण्यास संकोच वाटत नाही. मंजम्मा जोगती यांचे आत्मकथन अरुण जोळदकूडलिगी यांच्या शब्दांकनाने 'नडुवे सुळिव हेण्णु' ह्या नावाने प्रसिद्ध आहे. शब्दशः अर्थ, मधे वावरणारी स्त्री. कन्नड वाचकास हे नाव पाहताच जेडर दासिमय्यांचे एक वचन आठवते. स्तन व वेणी दिसली की स्त्री म्हणतात, दाढीमिशी दिसली की पुरुष म्हणतात, पण ह्यांच्या मधे वावरणारा आत्मा स्त्रीही नाही आणि पुरुषही नाही, असा त्या वचनाचा आशय. दासिमय्या हे सुरपूर तालुक्यातल्या मुदनूरचे. तो तालुका आज यादगीर जिल्ह्यात असला तरी आमच्या वडिलांच्या पिढीला तो गुलबर्गा जिल्ह्यातलाच ठाऊक होता. 'ही पाश्चात्त्यांकडून आलेली थेरे आहेत' असे व्यासपीठावरून म्हणण्यापूर्वी आमच्या भागातील उपदेशकाने सुरपूरच्या वाटेवरचे हे गाव आठवावे. दासिमय्यांनी हा विचार मांडला तो बसवण्णांच्याही आधी, असे मानले जाते.

मंजम्मा यांचा जन्म बळ्ळारी जिल्ह्यातल्या कल्लुकंब येथला, मुलगा म्हणून. वयात येता येता स्त्रीत्वाची जाणीव लपविणे अशक्य झाले, घरच्यांनी मारून पाहिले, देवऋषी करून पाहिले, आणि अखेर हुलिगी येथील हुलिगेम्माच्या देवळात त्यांस जोगप्पा करण्यात आले. कमरेचा करदोटा तोडण्यात आला, अंगावर बायकी वस्त्रे आणि हातांत बांगड्या चढल्या. मुलगा मेला असे समजून आई रडली. हा विधी तायप्पावरही होतो. पण दोन्हींचा अर्थ किती वेगळा! तायप्पास त्याने कोंडले. मंजम्मांस, त्यांच्या गावाजवळ असलेल्या एकुलत्या एका दारातून, त्याने बाहेर जाऊ दिले. आणि तेही दार सुखाचे नव्हते. घर सुटले, त्यांनी विष घेतले, त्यातून वाचल्या, भीक मागितली, रस्त्यावर अत्याचार सोसला. मग दावणगिरीच्या बसस्थानकाजवळ डोक्यावर कळशी तोलून जोगती नृत्य करणारे एक बापलेक त्यांस दिसले आणि तेथून त्या कलेच्या वाटेला लागल्या. पुढे काळव्वा जोगती ह्या त्यांच्या गुरू झाल्या. 2019 साली मंजम्मा कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्ष झाल्या. पद्मश्री स्वीकारावयास त्या 2021 च्या नोव्हेंबरात राष्ट्रपती भवनात गेल्या तेव्हा पदराने त्यांनी राष्ट्रपतींची दृष्ट काढली. ते दृश्य देशभर पाहिले गेले. ज्यांच्या नुसत्या दर्शनाने विटाळ होतो असे मानीत, त्यांनी राष्ट्रपतींवरील अमंगळ निवारावे, ह्यातला विनोद मंजम्मांस पुरता ठाऊक असावा.

ह्या पुस्तकातील सर्वांत मोलाची गोष्ट आम्हांस त्या करदोट्याच्या प्रसंगात दिसते. मूल देवीला वाहिले की घरच्यांची सुटका होते. 'आमचे मूल असे आहे' हे वाक्य त्यांस उच्चारावे लागत नाही. 'देवीने घेतले' म्हटले की पुरे. समर्पण हा एक प्रकारे नाते संपविण्याचा संमत मार्ग आहे. कर्नाटकाच्या 1982 च्या देवदासी समर्पण बंदी कायद्याने स्त्रियांचे समर्पण गुन्हा ठरविले, परंतु त्याची व्याख्या स्त्रियांपुरती होती. जोगप्पांचा विचार तेव्हा कोणाच्या डोळ्यांसमोर नव्हता.

आणि येथे प्रश्न आपल्या दारी येतो. आपल्या ख्रिस्ती घरांत यल्लम्मा नाही. मग आपली कुटुंबे ही सुटका कोठे शोधतात? दोन ठिकाणी शोधतात, असे आमचे निरीक्षण आहे. एक म्हणजे 'दुष्टात्मा'. मुलास प्रार्थनासभेत नेऊन, उपाशी ठेवून, डोक्यावर हात दाबून मोठ्याने ओरडून तो काढण्याचा प्रयत्न होतो. न निघाल्यास मुलाचाच विश्वास उणा ठरतो. दुसरे म्हणजे लग्न. 'एकदा लग्न लावले की ठीक होईल' ह्या वाक्याने आमच्या जिल्ह्यांत किती परक्या मुलींच्या आयुष्याची राखरांगोळी झाली असेल, ह्याची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. ह्या दोन्ही गोष्टींस धर्मगुरूची संमती लागते. पहिलीत त्याचा हात असतो, दुसरीत त्याची सही. गावाने तायप्पास साडी नेसविली म्हणून आपण गावास अडाणी म्हणतो. आपली सही त्याहून वेगळी कशी, ह्याचे उत्तर आमच्याजवळ नाही.

येथवर आम्ही तीन कलाकृतींविषयी आदराने लिहिले. आता तिन्हींविषयी मिळून एक तक्रार आहे. तिन्हींतले नायक बोलके आहेत. तायप्पास चित्रपटाची संपूर्ण यंत्रणा लाभली आहे. लक्ष्मी वक्त्या व नर्तिका आहेत. मंजम्मा तर लोककलेच्या पारंपरिक वाणीच्या धनी. आपले दुःख समोरच्यास कळेल अशा रीतीने मांडण्याची शक्ती त्यांच्यापाशी आहे आणि वाचकाची सहानुभूती ते तिच्या बळावर मिळवितात. परंतु ज्याच्यापाशी ही शक्ती नाही त्याचे काय? समजा, तिशीचा एक गृहस्थ तुमच्यासमोर येऊन बसला आहे. तो डोळ्यांस डोळा देत नाही. आवाजात चढउतार नाही. 'मी स्त्री आहे असे मला वाटते' हे वाक्य तो रेल्वेचे वेळापत्रक सांगावे तसे सांगतो, रडत नाही, आणि तुम्ही उपमा देऊन बोललात तर तिचा शब्दशः अर्थ घेतो. तुमचे मन काय म्हणेल? ह्याला खरे दुःख नाही. किंवा, ह्याच्या डोक्यात कोणी तरी हे भरविले आहे. किंवा, हा मतिमंद आहे, ह्याला काय कळते. तिन्ही निष्कर्ष चुकीचे असण्याचा संभव मोठा आहे.

ज्यांचा मेंदू जन्मतःच वेगळ्या घडणीचा आहे अशा प्रौढांविषयी मराठीत फार थोडे लिहिले गेले आहे; जे आहे ते बहुतेक लहान मुलांविषयी. ऑटिझमला आपण 'स्वमग्नता' म्हणतो. हा शब्द रुळला आहे, म्हणून तो वापरावा लागतो, पण तो आम्हांस खटकतो. स्वमग्न म्हणजे स्वतःतच बुडालेला. जणू त्या माणसाला दुसऱ्याची पर्वाच नाही. वस्तुतः त्यांपैकी अनेकांस भोवतालचा आवाज, प्रकाश, स्पर्श आणि माणसांच्या अपेक्षा इतक्या तीव्रतेने जाणवतात की ते मिटून जातात. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ऑटिझमचा समावेश 21 प्रकारच्या दिव्यांगत्वांत केला. 2020 साली केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी 'नेचर कम्युनिकेशन्स' ह्या नियतकालिकात एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. सहा लाखांहून अधिक प्रौढांची माहिती त्यात तपासली होती. जन्मसमयी ठरविलेले लिंग ज्यांस आपले वाटत नाही अशा व्यक्तींत ऑटिझमचे प्रमाण इतरांच्या मानाने सुमारे तीन ते सहा पट आढळले. एकामुळे दुसरे होते असा ह्याचा अर्थ नव्हे. सेवकासाठी अर्थ एवढाच की ह्या प्रश्नाने गांजून जो तुमच्याकडे येईल तो असा मिटलेला, सपाट बोलणारा असण्याचा संभव तुम्ही समजता त्याहून जास्त आहे, आणि तुमचे कान बोलक्या नायकांच्या कथांनी घडलेले आहेत.

अशा व्यक्तीशी बोलताना वाक्य सरळ ठेवावे. एका वेळी एकच प्रश्न विचारावा आणि उत्तरास वेळ द्यावा. काहींस बोलण्यापेक्षा लिहून देणे सोपे जाते, त्यांस कागद द्यावा. डोळ्यांत पाहून बोल असा आग्रह धरू नये. खोलीतला पंखा खडखडत असेल तर तो बंद करावा. ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण त्या खडखडाटापायी संपूर्ण भेट वाया जाऊ शकते. आणि सर्वांत महत्त्वाचे, प्रौढास प्रौढ मानावे. सोबत आलेली आई उत्तरे देऊ लागली तर तिला मायेने थांबवावे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातही हेच तत्त्व आहे : निर्णय घेण्याची क्षमता आहे असे गृहीत धरूनच सुरुवात करावयाची. त्याच कायद्याने असेही बजाविले की समाजाच्या नैतिक वा सांस्कृतिक चालीरीतींशी कोणी जुळत नाही एवढ्यावरून त्यास मनोरुग्ण ठरवू नये. जागतिक आरोग्य संघटनेची नवी रोगसूची 1 जानेवारी 2022 पासून लागू झाली. तीत जन्मसमयी ठरविलेले लिंग आणि स्वतःस जाणवणारा लिंगभाव यांतील विसंगती मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवण्यात आली.

ज्यास आज स्वीकारपर समुपदेशन म्हणतात ते ह्यापलीकडे फारसे गूढ नाही. व्यक्ती स्वतःविषयी जे सांगते ते खरे धरून संभाषणास आरंभ करावयाचा, ती कोण आहे हे तिच्यावर लादावयाचे नाही, आणि तिला कोठे जावयाचे आहे हे तिच्यासोबत चालत शोधावयाचे. 'म्हणजे जो जे म्हणेल त्यास होकार द्यावा काय?' असे आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने विचारले. तसे नव्हे. शस्त्रक्रिया करावी की नाही, नोकरीच्या ठिकाणी कधी सांगावे, लग्नास नकार कसा द्यावा, ह्या प्रत्येकावर कठीण प्रश्न विचारता येतात, विचारले पाहिजेतही. परंतु ते प्रश्न विश्वासाच्या पोटी यावेत, उलटतपासणीच्या पोटी नव्हे. तायप्पासही असे समुपदेशन लाभले असते तर तो पहिल्याच दिवशी म्हणाला असता की मी पुरुष आहे, मला औषध द्या. हे ध्यानात घेतले म्हणजे तायप्पा आणि मंजम्मा ह्यांतील विरोध मावळतो. दोघांसही एकच प्रश्न विचारावयाचा होता.

ह्या बाबतीत एका न्यायाधीशांचे वर्तन आम्हांस अनुकरणीय वाटते. मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एन. आनंद व्यंकटेश यांच्यापुढे 2021 साली दोन तरुणींचे प्रकरण आले. त्या एकत्र राहू इच्छीत होत्या आणि पालक त्यांच्या मागावर होते. आपणांस ह्या विषयाची समज नाही हे न्यायमूर्तींनी उघडपणे मान्य केले, निकालापूर्वी स्वतः एका मानसतज्ज्ञाकडे शिकण्यासाठी बसले, आणि मगच 7 जूनचा आदेश दिला. त्या आदेशात वृत्ती बदलण्याच्या तथाकथित उपचारांस मनाई होती. त्यानंतर 2022 साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असे उपचार म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचे राज्य परिषदांस कळविले. डॉक्टरास जे निषिद्ध झाले ते प्रार्थनासभेत चालू राहावे, ह्यास आम्ही श्रद्धा म्हणू शकत नाही.

ख्रिस्ती संप्रदायांत ह्या विषयावर एकमत नाही, हे वाचक जाणतात. रोमच्या श्रद्धाविषयक विभागाने 2024 च्या एप्रिलमधील निवेदनात लिंगबदलाविषयी आक्षेप नोंदविला. त्याच विभागाने 2023 साली, लोकापवादाचा धोका नसेल तर अशा व्यक्तीस बाप्तिस्मा घेता येतो, असे उत्तर दिले होते. सिद्धांताचा हा वाद येथे सोडविण्याचा आमचा अधिकार नाही. समुपदेशनाची खोली हे त्या वादाचे न्यायासनही नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायातील फिलिप आमच्या नजरेपुढे आहे. तो धावत जाऊन रथाला गाठतो, प्रवासी जे वाचीत आहे त्याविषयी विचारतो, बोलाविल्यावर त्याच्याशेजारी बसतो आणि तेथूनच आरंभ करतो. त्या अधिकाऱ्याच्या देहाविषयी तो एकही प्रश्न करीत नाही. बाप्तिस्म्याचा विषय काढतो तो प्रवासीच. आजच्या भाषेतील लिंगभावाची गोष्ट आणि त्या काळच्या दरबारी सेवकाची गोष्ट एकच आहे असे आम्ही म्हणत नाही. फिलिपची रीत मात्र शिकण्याजोगी आहे. आपल्या मराठी पवित्र शास्त्रात त्या गृहस्थासाठी 'षंढ' हा शब्द येतो, आणि हाच शब्द आपल्या चावडीवर शिवी म्हणून वापरला जातो. हे वाचन मंडळीत होईल त्या रविवारी दोन वाक्यांचा खुलासा करणे धर्मगुरूस अशक्य नाही. बाकांवर कोण बसले आहे हे त्यास ठाऊक नसते.

शब्दांचा विषय निघालाच आहे, तर आईबापांविषयी एक गोष्ट सांगणे राहिले. आमच्या भागात आई आपली कथा कन्नडात सुरू करते आणि रडू फुटले की मराठीत येते, किंवा ह्याच्या उलट. ह्या दोन्ही भाषांत घरच्या माणसास हाक मारण्यात लिंग येते : अण्णा, अक्का, दादा, ताई. वीस-पंचवीस वर्षे ज्याला 'अरे' म्हटले त्याला 'अगं' म्हणणे आईच्या जिभेस फार जड जाते आणि ती जीभ अडखळली की मुलास वाटते, तिने मला नाकारले. समुपदेशकाने येथे दोघांसही धीर द्यावा. मराठीत एक सोय आहे, आणि कन्नडातही आहे : मूल, लेकरू हे शब्द नपुंसकलिंगी आहेत. 'नपुंसक' ही शिवी ज्या भाषेने केली, तिनेच आपला सर्वांत लाडका शब्द त्याच लिंगात ठेवला. 'माझं लेकरू' म्हणताना आईला अरे-अगंची अडचण पडत नाही, आणि ऐकणाऱ्यासही ते परके वाटत नाही. नव्या नावाची सवय होईपर्यंत पुष्कळ घरांस ह्या एका शब्दाने पार नेता येईल असे आम्हांस वाटते. बापास वेळ अधिक लागतो. त्यास एकट्याने भेटावे, मंडळीच्या वडिलांसमोर नव्हे.

आणखी एक. 2019 च्या तृतीयपंथी व्यक्ती कायद्याने लिंगओळखीच्या कारणावरून मुलास आईबापांपासून वेगळे करता येणार नाही अशी तरतूद केली, न्यायालयाचा आदेश असल्यावाचून. ती तरतूद दुसऱ्या अंगानेही वाचावी : मुलाचे घरावर काही देणे लागते, हे त्या कलमामागचे गृहीत आहे. परंतु कायदा दाराची कडी काढू शकतो, ताटात वाढू शकत नाही. ते काम लक्ष्मींच्या वडिलांसारख्यांचे.

वाचनाच्या क्रमाविषयी सूचना करून थांबतो. ज्यांनी 'जोगवा' अद्याप पाहिला नसेल त्यांनी आधी लक्ष्मींचे पुस्तक वाचावे. उत्तरार्ध चाळला तरी चालेल, बालपण व घर ही प्रकरणे सोडू नयेत. मग मंजम्मा, कन्नड कच्चे असेल त्यांनी शेजारच्या कोणा शिक्षकास सोबत घेऊन वाचावे, कारण त्यातील बळ्ळारीकडची बोली शब्दकोशात सापडणार नाही. चित्रपट सर्वांत शेवटी. उलट क्रमाने गेल्यास तायप्पा डोळ्यांसमोरून हलत नाही, आणि पुढे भेटणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर त्याचीच साडी दिसू लागते.